कडी आतून आहे

येळवशीच्या दिवशी लातुरात कुत्रंसुद्धा घरी सापडत नाही असं म्हणतात, ते काही खोटं नाही. मार्गशीर्षातली ती अमावस्या आली की ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, आणि ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याच्या कोपीपुढे भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खाऊन माणसं जी आडवी होतात, ती उन्हं कलल्याशिवाय उठत नाहीत. त्या दिवशी कोणाला ड्यूटी लावावी असा विचार लातूरच्या मालकाच्या मनाला शिवत नाही. म्हणूनच अमृतअप्पांच्या क्लासेसमधली स्टोरेजची पेटी येळवशीला सकाळपासून ओरडत राहिली आणि ते ओरडणं ऐकायला इमारतीत एक माणूस नव्हता.

पेटी म्हणजे बऱ्याच डिस्क एकत्र बांधलेलं लोखंडी कपाट. त्यातली एक डिस्क मेली तर बाकीच्या तिचा भार उचलतात. तेवढ्यात कोणीतरी येऊन नवी बसवायची. त्या दिवशी सकाळी एक मेली. तिचा भार वाहता वाहता दुपारी दुसरीही मेली, आणि दुसरी मेली की सगळंच बसतं. या पेटीची राखण करणारी मंजुश्री तेव्हा मामाच्या शेतात आंबिलीचा दुसरा तांब्या रिकामा करत होती. तिचा फोन बाभळीला टांगलेल्या पिशवीत होता आणि त्या शिवारात रेंज नव्हती. पेटीचे सगळे निरोप तिला परतीच्या वाटेवर, लातूरच्या वेशीशी, एकदम मिळाले.

पुढचे दिवस व्हायचे तसेच गेले. पेटी विकणाऱ्या कंपनीचा पुण्याचा इंजिनिअर येऊन गेला आणि यातून काही निघणार नाही असं सांगून गेला. दुसरी प्रत होती, नाही असं नाही. पण ती त्याच पेटीत. वेगळी पेटी घ्या म्हणून मंजुश्रीने दोनदा सांगितलं होतं आणि अप्पांनी दोनदा ‘पुढच्या साली बघू’ म्हटलं होतं. आता ते काढून दाखवण्यात अर्थ नव्हता. अप्पांना ते आठवत होतं, आणि म्हणूनच ते तिच्याशी नेहमीपेक्षा मऊ बोलत होते.

गेलं काय होतं, तर क्लासेसमधल्या सगळ्या शिक्षकांचे रेकॉर्ड केलेले तास. लातूरला शिकवायचं, ते पेटीत साठवायचं आणि नांदेडच्या शाखेत पडद्यावर दाखवायचं, असा अप्पांचा कारभार. चोरीच्या भीतीने त्यांनी हे तास इंटरनेटवर कधी टाकले नाहीत, पोरांना वर्गात फोन आणू दिला नाही. रसायनाचे, जीवशास्त्राचे, गणिताचे तास गेले म्हणून कोणी रडलं नाही. ते शिक्षक धडधाकट होते, पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभे राहणार होते. प्रश्न होता रामलिंग सरांचा.

रामलिंग सर भौतिकशास्त्र शिकवायचे. सुपारीच्या खांडालाही कधी न शिवलेला हा माणूस. त्याच्याच घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढावी लागली. ऑपरेशनच्या आधी अप्पांनी त्यांच्याकडून सगळा अभ्यासक्रम रेकॉर्ड करून घेतला होता. अप्पा मूळचे आडत्या. माल भिजायच्या आत गोदामात भरून ठेवावा हे त्यांच्या रक्तातच, असं लोक मागे म्हणाले. पण सरांचे दोन्ही हात हातात घेऊन अप्पा रडले होते, हेही त्याच लोकांनी पाहिलं होतं. आता सर नांदेडच्या शाखेत असत. पडद्यावरचे सर बोलत, खालचे सर खडू घेऊन पोरांच्या शंका फळ्यावर सोडवत. असं दोघांनी मिळून एक मास्तर पुरा होत असे. पडद्यावरचे सर गेले, तर खालच्या सरांच्या हातात नुसता खडू उरणार होता.

मंजुश्री याच सरांच्या हाताखालून बारावी झालेली. एक प्रकरण शिकवून झालं की सर विचारायचे, ‘कोणाला न्हाई समजलं?’ आणि मग थांबायचे. नुसते उभे राहायचे. शहरातल्या मास्तरासारखं विचारता विचारता पुढे जायचे नाहीत. रेकॉर्डिंगच्या वेळी कॅमेऱ्यावाल्याने ती शांतता कात्री लावून काढून टाकायची ठरवली होती, तर सर हटून बसले. आपल्याकडच्या पोरांना हात वर करायला वेळ लागतो, म्हणाले. शेजारच्याकडे बघतात, खाली बघतात, मग कुठं बोट हलतं. मंजुश्रीचं बोट तेवढ्या वेळातही कधी हललं नव्हतं. पण सर तिच्याकडे बघून ओळखायचे.

त्या शुक्रवारी नवी पेटी येऊन पडली होती आणि नवी बॅच सोमवारी बसायची होती. अडचण एकच होती. पेटी मेली तरी तिच्यातले कप्पे, ज्यांना या धंद्यात व्हॉल्यूम म्हणतात, ते सर्व्हरच्या यादीत जिवंत दिसत होते. घर पडून गेलं तरी ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घराची नोंद राहावी तसं. ते कप्पे यादीतून काढल्याशिवाय सर्व्हर नव्या पेटीला ओळख द्यायला तयार नव्हता. मंजुश्री सकाळपासून एकेक अडकलेला कप्पा सोडवत बसली होती. गणित गेलं. रसायन जरा कुरकुरलं आणि गेलं. जीवशास्त्राच्या मागे काही जुने धागे लटकत होते, ते तोडल्यावर तेही गेलं. उरला ‘भौतिक – रामलिंग सर’. तो हलेना. काढायला गेलं की सर्व्हर एकच सांगे, वापरात आहे.

वापरात कोणाच्या? सगळं बंद होतं, पोरांना सुट्टी दिली होती. तिने पुण्याला फोन लावला. तिथला माणूस जेवत असावा. ‘मॅडम, ते जुनं भूत आहे,’ म्हणाला. ‘फोर्स डिलीट मारा आणि मोकळ्या व्हा.’ अप्पाही दारात येऊन गेले. घाई करत नव्हते, नुसते उभे राहून गेले, आणि ते जास्त अवघड होतं. जाताना म्हणाले, सरांना मी स्वतः जाऊन सांगीन, त्यांना कामावरून काढणार न्हाई, वाचनालयात बसवू. त्यांच्या दृष्टीने ते औदार्यच होतं. मंजुश्रीच्या डोळ्यांपुढे मात्र वाचनालयात बसवलेले सर आले.

दुपारी ती जेवायला घरी गेली. तिची आई शिवम्मा तुरीच्या ओल्या शेंगा सोलत ओट्यावर बसली होती. लेकीचं तोंड बघून तिने ताट वाढलं आणि काय झालं ते विचारलं. मंजुश्रीने तिला समजेल अशा बेताने सांगितलं, की सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्यात, एक खोली तेवढी उघडेना. पुण्याचा माणूस म्हणतो दार फोडा.

शिवम्माने शेंग मोडली आणि विचारलं, ‘कडी बाहेरून हाय का आतून?’

‘म्हणजे?’

‘बाहेरून असली तर घर रिकामं, फोड म्हणावं खुशाल. आतून असली तर आत कोणतरी हाय. हाक मारावं माय. कुऱ्हाड घेऊन जाऊ न्हाई.’

शिवम्मा पुन्हा शेंगांकडे वळली. तिला आपण काही मोठं बोललो असं वाटलंही नाही. मंजुश्रीने हातातला घास तसाच ताटात ठेवला. सकाळपासून ती हा कप्पा का निघत नाही एवढंच विचारत होती. त्याला धरून कोण बसलंय, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

ऑफिसात येऊन तिने जुन्या नोंदी उघडल्या. कप्पा धरून बसलेलं यंत्र सापडायला फार वेळ लागला नाही. नांदेडच्या वर्गातली ती लहानशी पेटी. येळवशीच्या आदल्या संध्याकाळी तिने हा कप्पा उघडला होता आणि तो आजवर सोडलाच नव्हता.

ही लहान पेटी तिनेच बसवली होती. नांदेडच्या लाइनचा भरवसा नाही, म्हणून जो विषय लावायचा तो अख्खा आधी तिच्यात उतरायचा आणि मग पडद्यावर दिसायचा. एका वेळी एकच विषय मावायचा. आत उतरलेलं सगळं कुलूपबंद असे. चालू झाली की पेटी लातूरकडून किल्ली मागून घ्यायची आणि बंद झाली की ती विसरून जायची. कोणी पेटी उचलून नेली तरी त्याच्या हाती काही लागू नये, ही अक्कल मंजुश्रीचीच. त्या वेळी अप्पांनी तिची पाठ थोपटली होती. पण किल्ली देणारी लातूरची पेटी आता मेली होती. रोज संध्याकाळी नांदेडची पेटी बंद करायची हा नियम, म्हणून तिथे काही उरलं असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. येळवशीच्या गडबडीत कोणीतरी तो नियम मोडला होता. जोवर ती पेटी चालू होती तोवर तिला किल्ली आठवत होती. एकदा बंद पडली, लाइट गेली, कोणी झाडताना वायर ओढली, की संपलं. आणि फोर्स डिलीटचं बटण दाबलं असतं तर लातूरहून हुकूम सुटला असता आणि त्या पेटीने इमानदारीने स्वतःच सगळं पुसून टाकलं असतं. तिचं बोट सकाळी त्या बटणावर जाऊन आलं होतं.

शाखेच्या दाराची किल्ली रामलिंग सरांकडे होती. तिने त्यांना फोन लावला. सर फोन उचलत असत, फक्त बोलत नसत. फोनच्या पाठीवर नखाने टकटक करत. एकदा म्हणजे हाव, दोनदा म्हणजे न्हाई. साऱ्या क्लासेसला हे ठाऊक होतं.

‘सर, मी मंजुश्री. वर्गातली पेटी चालू हाय का?’

मग एकदा टक.

‘सर, ती बंद करू नका. कोणाला हात लावू देऊ नका. मी निघालेच.’

या वेळची टक इतकी हळू होती, की ती झाली का नाही याबद्दल तिला अहमदपूरपर्यंत शंका राहिली.

निघण्याआधी तिने अप्पांना गाठलं. ती म्हणाली, मला उद्यापर्यंत द्या, त्या एका कप्प्याला कोणी हात लावू नका, पुण्यालाही सांगा. अप्पांनी सोमवारची आठवण करून दिली. पालकांना काय तोंड दाखवू म्हणाले. मग तिने सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत खाली बसले आणि कपाळावरच्या भस्मावरून हात फिरवला. ‘जा,’ म्हणाले. ‘सोमवार काय, पुढल्या आठवड्यातबी येतो.’ आणि स्वतः उठून सर्व्हरच्या खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. आडत्याला कुलपावर विश्वास जास्त.

नांदेडच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. दोन्ही अंगाला हरभरा उभा होता, मधूनच करडई. येळवशीच्या कोपी अजून कुठे कुठे शेतात उभ्या होत्या, वाळून कलंडलेल्या. एरवी तिने त्यांच्याकडे बघितलंही नसतं. आज तिला वाटलं, या एका सणाने मला बुडवलं. आणि लोह्याच्या पुढे गाडी लागली तेव्हा वाटलं, की तारलं तर हाच सण तारणार आहे. पिशवीत तिने एक कोरी डिस्क घेतली होती. ती मांडीवर धरून बसली होती, लेकराला घेऊन बसावं तशी.

शाखेच्या दारात सरांची बायको गौरम्मा जिन्यावर बसलेली दिसली. तिच्या मांडीवर डबा होता. मंजुश्रीला बघून ती उठली आणि काही न विचारताच सांगायला लागली. येळवशीला तिच्या माहेरी, कंधारकडे जायचं होतं. आदल्या संध्याकाळी बस सुटत होती म्हणून तिनेच सरांना वर्गातून ओढून काढलं. तास मध्येच थांबवून ते तसेच निघाले. पेटी बंद करायची राहिली. ‘माझंच चुकलं बाई,’ ती म्हणाली. परत आल्यावर लातूरचा निरोप मिळाला की सगळं गेलं. तेव्हापासून सर रोज सकाळी इथे येतात. वर्गात बसतात. संध्याकाळी ती डबा घेऊन येते आणि घरी घेऊन जाते. वॉचमन एकदा मेन स्विच पाडायला गेला तर सरांनी त्याचा हात धरला. इतका जोरात, की तो रुसला.

‘आत काय करतात?’

‘बघत बसतात. आवाज न्हाई, काय न्हाई. नुसतं बघत बसतात.’

मंजुश्री आत गेली. रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर सर बसले होते, गळ्याला ऑपरेशनची जागा झाकणारा पांढरा रुमाल. समोर पडद्यावर तेच सर होते, रुमाल नसलेले, थोडे भरलेले. फळ्याला पाठ करून, हात मागे बांधून, समोर बघत थांबलेले. थांबवलेलं चित्र. खालच्या सरांनी ते सुरूही केलं नव्हतं आणि बंदही केलं नव्हतं. बटण दाबलं आणि तेही गेलं तर? या भीतीने ते इतके दिवस आपल्याच तोंडाकडे बघत बसले होते. कडी आतून होती ती ही. मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

सर तिला बघून उठायला लागले. तिने वाकून नमस्कार केला आणि कामाला लागली. डिस्क जोडली. पेटीकडे कप्पा उघडून मागितला, पेटीने आठवणीतली किल्ली लावली, आणि एकेक तास डिस्कवर उतरायला लागला. काम रेंगाळत चाललं होतं. गौरम्माने डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांगं. तिघं बाकावर बसून जेवली. जेवतानाच लाइट गेली. पंखा थांबला, मंजुश्रीचा घास थांबला. पडद्यावरचे सर मात्र हलले नाहीत. कोपऱ्यातला इन्व्हर्टर घरघरत होता. सरांनी तिच्याकडे बघून बाकावर एकदा नख वाजवलं. हाव. इन्व्हर्टरची बॅटरी त्यांनी येळवशीनंतर स्वतःच्या खर्चाने नवी घातली होती, हे गौरम्माने मागून सांगितलं. लाइट थोड्या वेळाने आली.

सगळं उतरून झालं तेव्हा बाहेर दुकानं बंद व्हायची वेळ झाली होती. तिने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावली आणि लॅपटॉप पडद्याला. आता नांदेडच्या पेटीचं काही होवो. प्रत चालते का, एवढंच बघायचं होतं. नेमका तोच तास तिने उघडला, थांबला होता तिथूनच, आणि सरांकडे बघितलं. सर दोन्ही हात बाकावर ठेवून बसले होते.

तिने बटण दाबलं.

चित्र हललं. पडद्यावरच्या सरांनी पापणी लववली, या बाजूच्या बाकांकडे बघितलं, मग त्या बाजूच्या. आवाज मात्र आला नाही. तिने स्पीकरची वायर चाचपली. ती जागेवर होती. आवाजाची पट्टी वर केली. तरीही काही नाही. चित्र वाचलं आणि आवाज गेला, तिच्या मनात आलं, देवा, नेमका आवाजच गेला. गौरम्माने पदर तोंडाला लावला. मंजुश्री सरांकडे बघायला धजेना. पण बघितलं, तर सर शांत बसले होते. त्यांनी तिच्यापुढे तळहात धरला होता, थांब म्हणून. त्यांना ठाऊक होतं. तास कुठे थांबवला होता ते त्यांना ठाऊक होतं.

पडद्यावरचे सर अजून थोडं थांबले. मग खाकरले, आणि त्या रिकाम्या वर्गात तो जुना, खरखरीत, अर्धा गावाकडचा अर्धा पुस्तकातला आवाज भरून आला.

‘कोणीच न्हाई? बरं. मग मीच पुन्हा सांगतो.’

खाली बसलेल्या सरांचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते. मग ते जरा सरकले आणि मंजुश्रीला पहिल्या बाकावर बसायला जागा करून दिली.